हातातला ब्रेक

टक्कर फार मोठी नव्हती, असं सगळेच म्हणत होते. सिग्नलला उभ्या असलेल्या लॉन्ड्रीच्या व्हॅनला तिची गाडी मागून धडकली. बॉनेट चुरगळलं, एक दिवा फुटला, रेडिएटरमधलं पाणी रस्ताभर सांडलं. व्हॅनचं मागचं दार उघडून इस्त्रीच्या चादरींचे गठ्ठे खाली आले. लॉन्ड्रीवाल्याच्या मानेला हिसका बसला आणि तिच्या खांद्यावर सीटच्या पट्ट्याचा जांभळा वळ उठला. “एवढ्यावर निभावलं म्हणायचं,” असं जो तो म्हणाला. तीही मान डोलवत राहिली.

पण एक गोष्ट काही केल्या तिच्या मनातून जाईना. तिने ब्रेक दाबला होता.

लहानपणी पोलिओने तिचे दोन्ही पाय नेले होते. घरात ती कॅलिपर आणि कुबड्यांवर वावरायची, पण गाडीत बसली की तिला कुणाच्या हाताची गरज लागत नसे. स्टिअरिंगच्या खाली एक लोखंडी दांडा बसवलेला होता. पुढे ढकलला की ब्रेक, आपल्याकडे ओढला की वेग. गाडी ऑटोमॅटिक, त्यामुळे क्लचची भानगड नव्हती. दांड्याची सळई खाली ब्रेकच्या पेडलला जोडलेली. पेडलं जागच्या जागी असल्यामुळे तिच्या नवऱ्यालाही हीच गाडी पायाने चालवता यायची. ओळखीच्या गॅरेजमधल्या मिस्त्रीने हे काम करून दिल्याला कित्येक वर्षं झाली होती. परिवहन कार्यालयात रीतसर नोंदही झाली होती. एवढ्या काळात त्या दांड्याने तिला कधी दगा दिला नव्हता.

त्या सोमवारी मात्र तो अर्ध्यावर जाऊन थांबला. सैल पडला नाही की हातातून निसटला नाही. भिंतीला टेकावा तसा थांबला. तिने सगळा जोर लावला, दातओठ खाल्ले, आणि व्हॅनचा पांढरा पत्रा काचेतून जवळ येताना पाहत राहिली.

नवरा ऑफिसातून धावत आला, तेव्हा ती अजून सीटवरच होती. भोवती गर्दी जमली होती. त्याने तिची पर्स घेतली, कुबड्या काढल्या, गाडीत वाकून खाली पडलेलं सामान गोळा केलं आणि तिला उचलून रिक्षात बसवलं.  तिला तेव्हा त्याचं फार बरं वाटलं होतं.

रात्री तिने त्याला दांड्याचं सांगितलं. तो पाठमोरा उभा राहून शर्टाची बटणं काढत होता.

“घाबरल्यावर होतं असं,” तो म्हणाला. “आपल्याला वाटतं पुरा दाबला. हात पुरा गेलेलाच नसतो.”

“गेला होता. मी सांगते ना.”

“अगं, एका क्षणाचा खेळ असतो तो. कुणाचाही हात कच्चा पडेल. तू आता त्यात डोकं घालू नकोस. विम्याचं, गॅरेजचं सगळं मी बघतो.”

हात कच्चा पडला. तिला ते शब्द गोळीसारखे लागले, कारण तिचं सगळं आयुष्य त्या हातांवर उभं होतं.

ती दात बनवायची. शहरातले डॉक्टर दात काढत, दात बसवत, पण बसवायचा तो दात घडायचा हिच्या टेबलावर. कवळ्या, दातांवर चढवायच्या टोप्या, दोन दातांमधले पूल, सगळं. घराच्या पुढच्या खोलीत तिची छोटी प्रयोगशाळा होती. तिथे भट्टी होती, घासायची यंत्रं होती आणि फळीवर ओळीने मांडलेले अनोळखी माणसांचे प्लास्टरचे जबडे होते. पोर्सिलेनचा दात केसभर उंच राहिला तरी माणसाला घास चावता येत नाही. तिचे दात कधी परत येत नसत. दवाखान्यांत तिला ‘दातवाली’ म्हणत आणि त्या म्हणण्यात मान असायचा. दाताचा रंग जुळवायला ती स्वतः गाडी काढून दवाखान्यात जायची, पेशंटच्या तोंडाशी रंगछटांची पट्टी धरून दिवसाच्या उजेडात बघायची. गाडी नसेल तर निम्मा धंदा बसल्यात जमा.

टक्कर झाल्यापासून ती प्रत्येक दात पुन्हापुन्हा तपासत होती. घासायची, ठेवायची, परत उचलून घासायची. बुधवारी दुपारी एका दवाखान्यातून फोन आला.

“टोपी चावताना लागतेय हो,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “परत पाठवतेय. तुमच्याकडून पहिल्यांदाच झालं असं. तब्येत बरी आहे ना?”

“बरी आहे,” ती म्हणाली. फोन ठेवून तिने आपला उजवा पंजा दिव्याखाली धरला. बोटं स्थिर होती. पण आता त्या बोटांवर तिचा विश्वास राहिला नव्हता.

तेवढ्यात दारावर टकटक झाली. उघडून बघते तर लॉन्ड्रीवाला. गळ्याभोवती जाडजूड पट्टा, त्यामुळे अंगाचा ओंडका करून अख्खाच्या अख्खा वळत तो आत आला. फळीवरचे जबडे बघून क्षणभर थबकला.

“बसा ना,” ती म्हणाली. “मान कशी आहे?”

“मान आहे जागेवर. बसत नाही मी, भांडायला आलोय.”

“भांडा.”

ती इतक्या सरळपणे म्हणाली की त्याचाच सूर खाली आला. तो स्टुलावर बसला.

“काल तुमचे मिस्टर आले होते दुकानात. चांगले वाटले. मला म्हणाले, विम्याचा माणूस विचारायला येईल, तर सांगा की गाडी मी चालवत होतो.”

“मी म्हणजे?”

“मी म्हणजे ते. तुम्ही शेजारी बसला होतात म्हणे. बाई, मला मान वळवता येत नाही हे खरं, पण माझे डोळे काही फुटलेले नाहीत. व्हॅनमधून उतरलो तेव्हा स्टिअरिंगवर तुम्ही होतात. तुमचे मिस्टर नंतर रिक्षातून उतरले. अख्ख्या चौकाने बघितलंय.”



“मी काही हरिश्चंद्र नाही,” लॉन्ड्रीवाला पुढे म्हणाला. “गिऱ्हाइकाला रोज सांगतो, आज संध्याकाळी नक्की देतो. पण कंपनीपुढे, पोलिसांपुढे कशाला? उद्या उघडं पडलं की माझ्या व्हॅनचंही भिजत घोंगडं पडेल. तुम्हीच करायला लावलंत का हे?”

“मला आत्ता कळतंय,” ती म्हणाली. “तुमच्या तोंडून.”

 तो उठला, पट्टा सारखा केला. “मग तुम्ही घरी भांडा,” म्हणाला, आणि आला तसा ओंडक्यासारखा वळून निघून गेला.

तिने मिस्त्रीला फोन लावला. उचलला नाही. पुन्हा लावला. मग कुबड्या घेऊन ती रस्त्यावर आली आणि रिक्षा थांबवली. विमा कंपनीचा सर्व्हेअर गाडी बघायला दुसऱ्या दिवशी सकाळी येणार होता, एवढं तिच्या कानावर होतं.

गॅरेजमध्ये तिची गाडी आत, भिंतीशी उभी होती. फुटलेल्या दिव्यामुळे एका डोळ्याने बघत असल्यासारखी. ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडं होतं आणि मिस्त्रीचे पाय बाहेर दिसत होते.

“काय चाललंय?”

मिस्त्री धडपडत बाहेर आला. त्याच्या हातात पाना होता. तिला बघून तो गोरामोरा झाला.

“ताई, साहेब म्हणाले, दांडा उतरव. सर्व्हेअर यायच्या आत. म्हणाले, तुम्हीच सांगितलंय.”

“मी सांगितलं असतं तर तुला फोन केला नसता?”

“तेच डोक्यात आलं. म्हणून हात लावला खरा, पण मन घेईना. दुपारपासून एक नट काढायला एवढा वेळ लागतोय, त्यावरून समजा.” त्याने पान्याने गाडीकडे खूण केली. “वरच्या पट्टीचे दोन नट सैल केलेत. खाली पेडलपाशी काहीही केलेलं नाही. आईशप्पथ.”

“आवळ परत. जसे होते तसे.”

मिस्त्रीने नट आवळले. ती दाराला टेकून उभी राहिली, पान्याचा प्रत्येक वळसा बघत.

“आता उद्या तो माणूस येईपर्यंत या गाडीला कुणी हात लावायचा नाही,” ती म्हणाली. “साहेबांनीही नाही. मीसुद्धा नाही.”

“ताई, एक विचारू? दांड्यातच खोट निघाली तर? बसवलाय मी.” त्याने घसा खाकरला. “दोन रात्री डोळ्याला डोळा नाही माझ्या.”

तिला पहिल्यांदाच जाणवलं की तिच्याइतकंच या माणसाच्याही जिवाला घोर लागलाय. दोघंही एकाच प्रश्नापुढे उभी होती, हात कुणाचा कच्चा पडला?

“निघाली तर निघाली,” ती म्हणाली. “पण कळू दे.”

घरी तिचा नवरा खुर्चीत बसून बुटाचे बंद सोडत होता. तो एका ऑफिसात इमारतींचे नकाशे काढायचा. स्वभावाने सरळ रेघेसारखा माणूस, आवाज चढवणं त्याला जमत नसे. सासूबाई स्वयंपाकघरात होत्या.

“गॅरेजमध्ये जाऊन आले,” तिने सांगितलं. “दांडा आहे तिथेच आहे. आणि लॉन्ड्रीवाला येऊन गेला.”

त्याचे हात बंदावरच थांबले.

“ऐकून घे,” तो हळू आवाजात म्हणाला. “विम्याचं नूतनीकरण मी केलं होतं. त्यात गाडीत काही बदल केलाय का, असं विचारतात. मी नाही म्हणून पुढे गेलो, लक्षातच आलं नाही. आता कंपनीला दांडा दिसला की ते हात वर करतील. गाडी गेली, दुरुस्ती गेली, त्या माणसाच्या व्हॅनचंही आपल्या गळ्यात. त्यापेक्षा दांडा नव्हताच, मी पायाने चालवत होतो, चूक माझी. संपला विषय.”

“आणि मी कुठे होते?”

“शेजारी.”

“म्हणजे माझ्याच अपघातात मी पाहुणी.”

“तुझ्यासाठीच करतोय ना मी! उद्या त्यांनी विचारलं, तुम्हाला ब्रेक का दाबता आला नाही, तर काय सांगशील? घाबरले म्हणून? तुझं लायसन्स काढून घेतलं तर?”

“सांगेन की दाबला होता. दांडा अर्ध्यावर अडला.”

“अडला नाही!” त्याचा आवाज चढला. लग्नानंतर पहिल्यांदा. “परत परत तेच काय? तू घाबरलीस. माणूस घाबरतो. मान्य कर ना.”

 त्याच्या कपाळावर घाम होता. इतका कशाला चिडतोय हा?

सासूबाई हात पुसत दारात आल्या. “काय रे, केवढ्याने बोलतोस? आणि तुझा थर्मास कुठाय? तीन दिवस झाले, चहा कशात भरून द्यायचा तुला?”

“ऑफिसात राहिलाय.”

“ऑफिसात कसा राहील? रविवारी मला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलंस, तेव्हा गाडीत होता की. मी चहासुद्धा घेतला त्यातला.”

“मग सोमवारी नेला ऑफिसात! आई, आत्ता थर्मास महत्त्वाचा आहे का?”

सासूबाई तोंडात पुटपुटत आत गेल्या.  रात्रभर दोघंही जागी होती, आणि दोघांनाही ते ठाऊक होतं.

सकाळी गॅरेजमध्ये नवरा तिच्याआधी पोहोचला होता. मिस्त्री हाताची घडी घालून गाडीच्या दारापाशी पहारेकऱ्यासारखा उभा होता. सर्व्हेअर म्हणून आली ती एक बाई, पस्तिशीची, केस घट्ट बांधलेले, खांद्यावर झोळी आणि चेहऱ्यावर कसलाच भाव नाही. तिने गाडीभोवती एक फेरी मारली, फोटो काढले, उघड्या दारातून आत पाहिलं. दांड्यावर तिची नजर थोडी रेंगाळली.

“अपघाताच्या वेळी गाडी कोण चालवत होतं?”

“मी,” ती म्हणाली.

“मी,” नवरा म्हणाला. त्याच क्षणी.

गॅरेजात टायरमध्ये हवा भरायचं यंत्र धडधडत होतं, तेही नेमकं बंद पडलं.

सर्व्हेअरने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. “स्टिअरिंग एकच दिसतंय मला.”

“मी चालवत होते,” ती म्हणाली. “या दांड्याने. तो दांडा आम्ही कंपनीला कळवलेला नाही, तेही खरं. परिवहन कार्यालयात नोंद आहे, पण पॉलिसीत नाही. यांना काय म्हणायचं होतं ते यांनाच विचारा.”

सर्व्हेअर नवऱ्याकडे वळली. 

“मी… मी नंतर पोहोचलो, असं म्हणत होतो.”

“बरं,” सर्व्हेअर म्हणाली. तिने ते लिहून घेतलं की नाही, कळलं नाही. “बाई, तुम्ही आत बसता का? कसं चालवता ते दाखवा.”

ती सीटवर बसली. टकरीनंतर पहिल्यांदाच. हाताला दांड्याचा तोच गार, ओळखीचा स्पर्श झाला. तिने तो पुढे ढकलला.

दांडा थेट शेवटपर्यंत गेला. कुठे अडला नाही, कुठे कुरकुरला नाही.

तिचा चेहरा उतरला. मिस्त्रीने रोखून धरलेला श्वास सोडला. दांडा शाबूत होता. मग उरलं कोण? तिचा हात.

“पूर्ण जातोय,” सर्व्हेअर म्हणाली.

“आज जातोय,” ती म्हणाली. आवाज फुटू नये म्हणून तिने दांडा घट्ट धरला. “त्या दिवशी गेला नव्हता. मी घाबरले असेन, पण घाबरून हात ढिला पडणं वेगळं आणि समोर काहीतरी टणक लागणं वेगळं. मी हाताने काम करते. दिवसभर. मला त्यातला फरक कळतो.”

“कुठपर्यंत गेला होता?”

तिने डोळे मिटले. दांडा हळूहळू पुढे नेला. चौक, पांढरा पत्रा, मनगटात बसलेला तो दणका, सगळं पुन्हा आलं. “इथे,” ती म्हणाली.

“धरून ठेवा तसाच.”

सर्व्हेअरने झोळीतून विजेरी काढली आणि गॅरेजच्या तेलकट फरशीवर सरळ आडवी झाली. तिचं डोकं पेडलांपाशी गेलं. बराच वेळ नुसता उजेड हलत राहिला. नवरा दोन पावलं मागे सरकला होता. तो कुठे बघत होता कोण जाणे, पण गाडीकडे नाही.

“मिस्त्री, हे तुम्ही बघा जरा,” आतून आवाज आला. “पेडलच्या मागच्या अंगाला.”

मिस्त्री दुसऱ्या बाजूने आत घुसला. “घासलंय,” तो म्हणाला. “ताजं आहे. आणि खालचं रबर बघा, चंद्रकोरीसारखं दबलंय.”

“पेडलच्या मागे काहीतरी गोल अडकलं होतं. पेडल खाली जाऊन त्याच्यावर टेकलं. बाई म्हणतायत, बरोबर तेवढ्याच अंतरावर.” सर्व्हेअर उठून बसली. तिच्या नखावर रंगाचा एक टवका होता. “निळा. गाडीत निळं काय होतं?”

“माझ्याकडचं नाही,” मिस्त्री घाईघाईने म्हणाला.

सर्व्हेअरने तिच्याकडे पाहिलं. ती नाही म्हणायला तोंड उघडणार, तोच सासूबाईंचा आवाज तिच्या कानात वाजला. गाडीत होता की. मी चहासुद्धा घेतला त्यातला.

तिने मान वळवली. नवऱ्याच्या चेहऱ्यावरचं रक्त उतरलं होतं. त्या एका नजरेत तिला सगळं कळून चुकलं. टकरीच्या दिवशी तो गाडीत वाकला होता तो का, आणि काल रात्री एवढा तडकला तो का.

त्यानेच बोलावं म्हणून ती थांबली. तिने त्याला वेळ दिला. बाहेर एक ट्रक मागे घेताना पिप-पिप करत होता, तो थांबेपर्यंत वेळ दिला. 

“आमचा थर्मास निळा आहे,” ती म्हणाली. “रविवारी गाडीत होता.”

“आता कुठाय?”

“माझ्या ऑफिसात,” नवरा म्हणाला. आवाज इतका बारीक की मिस्त्रीने कान पुढे केला. “टेबलाच्या खणात. मीच उचलला तिथून. पेडलच्या मागे अडकला होता, ओढून काढावा लागला.”

सर्व्हेअरने फरशीवरची धूळ झटकली. “तो मला लागेल. फोटोसाठी,” ती नेहमीच्याच सुरात म्हणाली. “सुटी वस्तू अडकून अपघात होणं ही चूक आहे, पण त्यासाठी कुणी क्लेम नाकारत नाही. खोटी माहिती दिली की नाकारतात. तुम्ही मघाशी ‘मी’ म्हणून थांबलात. पुढे बोलला असतात तर मला काही शोधायची गरजच नव्हती.” मग ती तिच्याकडे वळली. “दांडा कळवला नव्हता, त्याचं कंपनी काय करेल ते मी आज सांगू शकत नाही. मला दिसलं ते मी लिहीन. दांडा नीट आहे आणि तुम्ही ब्रेक दाबला होता.”

तुम्ही ब्रेक दाबला होता. मिस्त्री खुदकन हसला, मग वातावरण बघून गप्प झाला आणि उगीचच एक चाक पुसू लागला.

सर्व्हेअर गेल्यावर दोघं गॅरेजबाहेरच्या बाकावर बसली. मध्ये एक माणूस बसेल एवढी जागा सोडून.

“मी तुला घ्यायला वाकलो आणि तो दिसला,” नवरा म्हणाला. “मला काही सुचेना. तू मेली असतीस. माझ्या एका चहासाठी तू मेली असतीस. मी तो पिशवीत टाकला आणि मग… मग सांगायची वेळच टळून गेली.”

“वेळ टळली नाही. रोज रात्री मी तुला विचारत होते.”

“म्हणून तर म्हटलं, मी चालवत होतो असं सांगू. चूक माझीच होती ना? माझ्याच अंगावर घेत होतो.”

“नाही.” ती त्याच्याकडे वळली. “जी चूक तू केली नाहीस, ती अंगावर घेत होतास. केलीस ती माझ्या अंगावर टाकलीस. थर्मास पडला, पडू दे. माझ्या हातूनही पडला असता. पण तू मला माझ्या तोंडावर सांगितलंस की माझा हात कच्चा पडला. तीन दिवस मी माझ्याच बोटांकडे चोरासारखी बघतेय. माझी टोपी परत आली, माहितेय तुला? पाय नाहीत याचं मला कधी काही वाटलं नाही. हात आहेत म्हणून. तू तेच काढून घेत होतास.”

तो रडला. आवाज न करता, गुडघ्यांवर कोपरं टेकून. तिने त्याच्या पाठीवर हात ठेवला नाही. ठेवावासा वाटला, पण ठेवला नाही.

“लॉन्ड्रीवाल्याकडे जा,” ती म्हणाली. “एकटा. माफी माग.”

तो गेला. लॉन्ड्रीवाल्याने अर्धा तास शिव्या घातल्या आणि शेवटी पाणी विचारलं, असं त्याने परत येऊन सांगितलं. घरी आईलाही त्याने सगळं सांगून टाकलं. सासूबाईंनी ऐकलं आणि लेकाशी दोन दिवस अबोला धरला. ताटात भाजी वाढायच्या, पण हवी का, म्हणून विचारायच्या नाहीत.

कंपनीचं उत्तर येईपर्यंतचे दिवस मोठे वाईट गेले. फोन वाजला की तिघंही दचकत. घरात सगळे जपून बोलत, काचेच्या सामानातून वाट काढावी तसे. ती रिक्षाने दवाखान्यांत जात होती आणि वैतागून परत येत होती. पण काम मात्र पुन्हा पूर्वीसारखं होऊ लागलं होतं. परत आलेली टोपी तिने एका बैठकीत नीट केली आणि दुसऱ्यांदा उचलून पाहिली नाही.

मग एका दुपारी कंपनीचा फोन आला. नवरा ऑफिसात होता, तिनेच घेतला. लॉन्ड्रीवाल्याच्या व्हॅनची भरपाई मंजूर झाली होती. तिच्या गाडीच्या दुरुस्तीतला थोडा भाग कापला होता, न कळवलेल्या बदलापोटी. दांडा यापुढे पॉलिसीत धरायचा असेल तर वेगळा हप्ता. पलीकडचा मुलगा हे सगळं एका दमात वाचल्यासारखं बोलला आणि शेवटी “काही शंका?” म्हणाला.

“नाही,” ती म्हणाली. “धरा. आजपासून धरा.”

फोन ठेवल्यावर तिचे खांदे एकदम सैल पडले आणि ती प्लास्टरच्या जबड्यांपुढे बसून मोठ्याने हसली. सासूबाई घाबरून बघायला आल्या.

मिस्त्रीने गाडी मन लावून दुरुस्त केली. नवा दिवा जुन्यापेक्षा जरा जास्तच पांढरा दिसत होता. पेडलांच्या अलीकडे, सीटच्या खाली, त्याने आपण होऊन एक लोखंडी आडपट्टी बसवली होती, खालून काही घरंगळत जाऊ नये म्हणून. “हीसुद्धा कंपनीला कळवा बाबा,” तो हात जोडून म्हणाला.

गाडी आणायला नवरा बरोबर आला होता. त्याने किल्ली तिच्या हातात दिली आणि बाहेरच उभा राहिला. “मी रिक्षाने येऊ का?” त्याने विचारलं. त्या बाकावरच्या दिवसापासून तो तिला प्रत्येक गोष्ट विचारूनच करत होता आणि त्याचाही तिला आता कंटाळा आला होता.

“बस,” ती म्हणाली.

ती निघाली. रस्त्यावर दुपारची गर्दी होती. पहिल्या वळणावर समोर एक बस अचानक थांबली, आणि तिने दांडा ढकलायच्या आधीच नवऱ्याचा उजवा पाय धाडकन खालच्या पत्र्यावर आपटला. नसलेल्या ब्रेकवर. गाडी बसच्या पाठीमागे हळूच थांबली. तिच्या हाताने थांबवली होती. दांडा पुरा गेला होता.

पुढे एक सायकल आडवी आली. पुन्हा त्याचा पाय खाली.

“पाय वर घे,” ती म्हणाली.

“काय?”

“दोन्ही पाय वर. मांडी घालून बस.”

त्याने तिच्याकडे पाहिलं. मग बूट काढले, सीटचा पट्टा सैल केला आणि त्या अरुंद सीटवर कशीबशी मांडी ठोकली. गुडघे दाराला आणि गियरला टेकले. मोठा माणूस, ऑफिसच्या कपड्यांत, पंगतीला बसल्यासारखा. शेजारच्या रिक्षातली बाई वाकून बघू लागली.

“आता?” तो म्हणाला.

“आता काही नाही. बसून राहा.”

सिग्नल हिरवा झाला. तिने दांडा आपल्याकडे ओढला आणि गाडी गर्दीत घातली.